पहाटेचा घाट, वर्षातून पंचेचाळीस वेळा

(मंडळाच्या 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी बोन्साय आणि सतार असे सात्त्विक छंद सांगितले. माझ्या छंदाचं नाव काढलं की आमच्या सौ. कपाळाला हात लावतात. आठवडाभर मी सर्व्हर आणि क्लायंट सांभाळतो आणि शनिवारी पहाटे पाचला, घर झोपेत असताना, १९७१ सालची एमजीबी काढून डोंगरात जातो.

दोन माणसांची, उघड्या टपाची, १७९८ सीसीची ही गाडी. इंग्लंडहून सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि १९६३ ते १९७२ या काळात सिडनीत जोडले जायचे. आपल्यासारखंच की! मूळ तिकडचं, संसार इकडे. वेगाचा काटा मैलांत, कारण इथल्या रस्त्यांवर किलोमीटर आले ते १९७४ साली. पट्टे आहेत, एअरबॅग नाही, एबीएस नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

व्हिक्टोरियात २५ वर्षांहून जुन्या गाडीला, तुम्ही मान्यताप्राप्त क्लबचे सभासद असाल तर, क्लब परमिट मिळतं. वर्षाला ४५ किंवा ९० दिवस. मी ४५ वाला. सोबत एक वही येते. ज्या दिवशी गाडी काढायची, त्या दिवसाची तारीख निघण्याआधी लिहायची. विसरलात तर पोलिसांच्या लेखी गाडी विनापरवाना! सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. आता वाटतं, वर्षातल्या चांगल्या सकाळी मोजायला लावणारं सरकार दुसरीकडे कुठे मिळणार?

रिंगवुडहून निघायचं, लिलीडेल, हील्सव्हिल मागे टाकायचं की ब्लॅक स्पर सुरू होतो. दोन्ही बाजूंना माउंटन अ‍ॅशची सरळसोट झाडं, जगातल्या सर्वांत उंच वृक्षांपैकी. खाली माणसापेक्षा उंच नेचे. धुकं असलं तर दिव्यांच्या उजेडात फक्त पांढरी खोडं दिसतात. पलीकडे नार्बेथाँग आणि मग मेरीज्‌व्हिल. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं. त्या आगींत राज्यात १७३ माणसं गेली. मोठ्या आगीत माउंटन अ‍ॅश मरतो, पण त्याचं बी राखेत पडून रुजतं. वठलेल्या करड्या खोडांखाली एकाच वयाचं तरुण रान उभं दिसतं. गावही पुन्हा उभं राहिलंय. तिथे कॉफी प्यायची आणि सौ. उठायच्या आत परत.

आता खरी गोष्ट. २०२३ साली बाबा पुण्याहून आले. गाडी बघून म्हणाले, "आयटीतले पैसे भंगारात घालतोस होय?" पण शनिवारी पहाटे माझ्याआधी कानटोपी घालून तयार! मी चोक ओढून गाडी सुरू केली. दोन मिनिटांत म्हणाले, "आत ढकल आता, पेट्रोल जास्त पितेय." आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पहाटे चारला निघून ते आम्हाला बोरघाटातून मुंबईला न्यायचे. शिंग्रोबाच्या देवळाशी मी खिडकीतून नाणं टाकायचो आणि इंजिन तापलं की बाबा बॉनेट उघडून उभे राहायचे.

चढ संपला आणि उताराला मी नेहमीसारखी गाडी चौथ्यात सोडली. बाबांना जरा दाखवायचंही होतं, खोटं कशाला बोलू? वळणावळणाला ब्रेक. थोड्या वेळाने जळका वास आला. तेवढ्यात रस्त्याच्या मधोमध वॉलबी! मी पाय दाबला. पेडल टणक लागलं, पण गाडी हवी तशी थांबेना. तापलेले ब्रेक पकड सोडतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. वॉलबीने उडी मारली म्हणून ती वाचली, आणि आम्हीही. डावीकडे बाबांचा पाय नसलेल्या ब्रेकवर रुतून बसला होता.

मेरीज्‌व्हिलपर्यंत ते काही बोलले नाहीत. कॉफी आल्यावर म्हणाले, "ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. हे तुला मी सांगितलं नव्हतं, चूक माझी." मग थांबून विचारलं, "एकटा असतोस तेव्हाही असाच चालवतोस?"

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. घरी बायको आणि पाच वर्षांची लेक झोपलेली, आणि मी म्हणे छंद जोपासतोय!

येताना बाबांनी गाडी दुसऱ्यात ठेवायला लावली. इंजिनच गाडी धरून ठेवत होतं. ब्रेकला नुसता स्पर्श पुरत होता. पहिल्यांदाच मला त्या रानातले पक्षी ऐकू आले.

पुढच्याच आठवड्यात ब्रेकची डिस्क, पॅड, तेल सगळं बदललं. आता तीच गाडी, तोच घाट, वीस मिनिटं जास्त लागतात. बाबांना आता एवढा लांबचा विमानप्रवास झेपत नाही. रविवारी फोनवर पहिला प्रश्न असतो, "कितव्यात उतरलास?"

लेक आता मोठी झालीय आणि मागे लागलीय, "बाबा, मला पण ने." सौ. म्हणतात, एअरबॅग नाही. त्यांचं बरोबर आहे, त्यामुळे आमच्या वाटाघाटी अजून चालू आहेत. तूर्तास ती माझ्याबरोबर पहाटे उठते, वहीत आपल्या अक्षरात तारीख लिहिते आणि दारातून ओरडते, "बाबा, दुसऱ्यात!"