मानवी हक्क : राष्ट्राचा कायदा आणि राष्ट्रांचा कायदा



कर्ज फेडतां आलें नाहीं म्हणून माणसाला तुरुंगांत टाकावें कीं नाहीं, हा प्रश्न ऐकावयास साधा वाटतो. परंतु मानवी हक्क, एखाद्या राष्ट्राचा कायदा आणि राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा या तिहींचें नातें समजून घ्यावयाचें असेल, तर नुसत्या तत्त्वचर्चेपेक्षां हाच प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो. आज त्याच वाटेनें जाण्याचा माझा विचार आहे.

१८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं शेतकरी सावकारांवर चालून गेले. कर्जाचे रोखे हिसकावून घ्यावे आणि जाळून टाकावे, हा त्या दंग्याचा मुख्य हेतु होता. दंगा पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला, चौकशीमंडळ नेमलें गेलें, आणि १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं एक निराळा कायदा केला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. न्यायमूर्ति रानडे यांनीं पुढें याच कायद्याखालीं स्पेशल जज म्हणून काम केलें. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास अटक करूं नये व तुरुंगांत ठेवूं नये, असें त्यांत स्पष्ट लिहिलेलें होतें.

त्या वेळीं जगांत मानवी हक्कांचा कोणताही आंतरराष्ट्रीय करार नव्हता. हा हक्क आमच्याच मातींत, जळत्या रोख्यांच्या धुरांत जन्मास आला. आणि सरकारच्या करुणेइतकाच, किंबहुना अधिक, सरकारच्या भीतीचाही त्यांत वांटा असावा, असें मला वाटतें. मात्र तो 'माणसाला' मिळाला नाहीं, 'शेतकऱ्याला' मिळाला. शेजारच्या घरांतील कोष्टी किंवा शिंपी तितकाच कर्जबाजारी असला, तरी त्याला त्या कलमाचा आधार नव्हता.

राष्ट्राराष्ट्रांमधील कायद्यांत तर त्या काळीं व्यक्तीला स्थानच नव्हतें. याचें एक उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. १९१० सालच्या जुलैच्या ८ तारखेस मार्सेलिस बंदरांत 'मोरिया' या आगबोटीवरून विनायक दामोदर सावरकर यांनीं समुद्रांत उडी घेतली व ते फ्रान्सच्या भूमीवर पोंचले. तेथें फ्रेंच पोलिसाच्या हस्तें ते पकडले गेले आणि त्यांना पुन्हां बोटीवर नेण्यांत आलें. फ्रान्सनें तक्रार केली व प्रकरण हेग येथील लवादापुढें गेलें. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं पांच लवादांनीं निवाडा दिला कीं, पकडण्याच्या रीतींत अनियमितपणा झाला हें मान्य केलें तरी बंदी परत करण्यास ब्रिटन बांधलेलें नाहीं. या निवाड्यावर पुष्कळ टीका झालेली आहे. मला त्यांतील निराळीच गोष्ट बोंचते. एका बाजूस फ्रान्स, दुसऱ्या बाजूस ब्रिटन. ज्याच्या हातांत बेड्या होत्या तो त्या वादांत कोणीच नव्हता. फ्रान्सच्या भूमीचा मान राखला गेला कीं नाहीं, एवढाच काय तो प्रश्न. हद्दीच्या तंट्यांत बांधावरच्या बाभळीला कोणी तिचें म्हणणें विचारीत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

ही स्थिति पालटण्यास दोन महायुद्धें लागलीं. १० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संमत केला. ४८ राष्ट्रें अनुकूल, विरुद्ध एकही नाहीं, ८ तटस्थ. पहिल्या कलमाच्या मसुद्यांत 'सर्व पुरुष' असा अर्थ काढतां येईल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधि श्रीमती हंसा मेहता यांच्या आग्रहानें त्या जागीं स्त्रीपुरुष दोघांनाही सामावून घेणारा शब्द आला. शब्द मोठा झाला खरा. परंतु जाहीरनामा म्हणजे करार नव्हे, आणि त्याच्या आधारें दाद मागावी असें न्यायालयही कोठें नव्हतें.

योगायोग असा कीं, आदल्याच दिवशीं, म्हणजे ९ डिसेंबरला, दिल्लीस आमच्या घटनासमितींत ज्या कलमावर चर्चा झाली तें याच उणिवेशीं निगडित होतें. मूलभूत हक्काचा भंग झाल्यास नागरिकानें थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जावें, ही वाट उघडणारें तें कलम; आज त्याचा क्रमांक ३२ आहे. डॉ. आंबेडकरांनीं त्या दिवशीं घटनेचा आत्मा म्हणून याच एका कलमाकडे बोट दाखविलें. पॅरिसच्या तीस कलमांत हक्क पुष्कळ होते. दार ठोठावण्याची सोय मात्र दिल्लीच्या या एका कलमांत होती.

पॅरिसचा शब्द दिल्लीच्या दारांतून आंत कसा येतो, हें आतां पाहूं. हॉलंडसारख्या कांहीं देशांत करार मान्य होतांच तो न्यायालयांत थेट चालूं शकतो. आमच्याकडे तसें नाहीं. आंतरराष्ट्रीय कायद्याविषयीं आदर वाढविण्याचा राज्यानें प्रयत्न करावा, असें घटनेचें ५१ वें कलम सांगतें. परंतु करारास देशांत कायद्याचें बळ द्यावयाचें तर संसदेनें कायदा करावा लागतो. नागरी व राजकीय हक्कांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ सालीं तयार झाला आणि भारतानें तो १० एप्रिल १९७९ रोजीं स्वीकारला. त्याचें ११ वें कलम म्हणतें कीं, केवळ कराराप्रमाणें देणें पुरें करण्याचें सामर्थ्य नाहीं एवढ्याच कारणानें कोणालाही तुरुंगांत घालूं नये. सुप्याच्या शेतकऱ्यांचा तोच प्रश्न. मात्र आतां 'शेतकऱ्यास' नव्हे, 'कोणालाही'.

आणि वर्ष संपण्यापूर्वींच त्याची कसोटी लागली. कोचीनच्या एका बँकेनें आपल्या ऋणकोंविरुद्ध हुकूमनामे मिळविले होते आणि बजावणींत त्यांच्या अटकेचें वॉरंट निघालें होतें. दिवाणी प्रक्रियासंहितेचें ५१ वें कलम असें होतें कीं, हुकूमनाम्यानंतर केव्हांही ज्याच्या हातीं पैसा आला आणि ज्यानें तो भरला नाहीं, त्यास तुरुंगांत ठेवतां यावें. शब्दशः वाचलें तर आज निष्कांचन झालेला माणूसही त्यांत सांपडे. ऋणकोंनीं सर्वोच्च न्यायालयांत आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर व न्यायमूर्ति पाठक यांनीं ४ फेब्रुवारी १९८० रोजीं निर्णय दिला. आंतरराष्ट्रीय करार आपोआप देशाचा कायदा होत नाहीं, हें त्यांनीं प्रथम स्पष्ट केलें. येथेंच ते थांबते तर ऋणको तुरुंगांत गेले असते. परंतु त्यांनीं देशाचें कलमच असें वाचलें कीं त्याचा कराराशीं आणि घटनेच्या २१ व्या कलमाशीं विरोध उरूं नये. न भरणें पुरेसें नाहीं. त्यामागें अप्रामाणिकपणा हवा, ऐपत असून चुकविण्याची वृत्ति हवी. वॉरंट रद्द झालें आणि ऐपतीची नव्यानें चौकशी करण्याचा आदेश निघाला.

ही पळवाट नव्हे काय, असें कांहीं कायदेपंडित विचारतील. संसदेनें जें केलें नाहीं तें न्यायाधीशानें अर्थाच्या आडून करावें काय? शंका पोकळ नाहीं. परंतु सरकारनें जगासमोर ज्याला होकार दिला, त्याच्या उलट वागण्याची सोय त्याच सरकारला आपल्या न्यायालयांत मिळावी, हें मला त्याहून अधिक विपरीत वाटतें.

पुढें तर याहूनही मोठी मजल मारली गेली. तोच करार स्वीकारतांना भारतानें एका पोटकलमाविषयींही असहमति नोंदविली होती : बेकायदा अटक झालेल्यास भरपाई मिळण्याचा अंमलांत आणतां येण्याजोगा हक्क आम्ही मानीत नाहीं. १९८८ सालीं ओरिसांतील एका मातेनें सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें. तिच्या बावीस वर्षांच्या मुलास पोलिसांनीं नेलें होतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचें प्रेत रेल्वेच्या रुळांवर सांपडलें होतें. न्यायालयानें तें पत्रच ३२ व्या कलमाखालील अर्ज मानलें, आणि १९९३ सालीं दीड लाख रुपयांची भरपाई देण्याचा हुकूम केला. निकालांत त्याच पोटकलमाचा आधार नमूद आहे. सरकारनें जें नाकारलें होतें, तें देशाच्या घटनेच्या वाटेनें आंत आलें. रकमेनें त्या मातेचें काय भरून निघालें, हें मी सांगूं शकत नाहीं.

त्याच वर्षीं मानवी हक्क संरक्षणाचा कायदा झाला. त्यांतील व्याख्येनें घटनेंतील व आंतरराष्ट्रीय करारांतील हक्क सामावून घेतले, पण 'भारतांतील न्यायालयांकडून अंमलांत आणतां येण्याजोगे' अशी पुस्तीही जोडली. त्या कायद्यानें नेमलेला आयोग चौकशी करतो व शिफारस करतो. हुकूम देत नाहीं.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानें १४ ऑक्टोबर १९९७ रोजीं सही केली. स्वाक्षरीनें कराराची दिशा मान्य होते; बंधन मात्र पुढील अनुमोदनानें येतें. त्या दृष्टीनें तयार झालेलें विधेयक २०१० सालीं लोकसभेनें संमत केलें. राज्यसभेनें तें प्रवर समितीकडे पाठविलें, आणि २०१४ सालीं लोकसभा विसर्जित झाली तेव्हां तें व्यपगत झालें. कोठडींत मुलगा गमावलेल्या मातेला वकील आजही घटनेचें २१ वें कलम काढून दाखवितो, आणि त्याखालीं १९९३ चा तो निकाल ठेवतो.