बडोद्याचे भाऊराव आणि टीव्हीवरची राणी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा संक्षेप)



गणपतीपुढे हा विषय कशाला, असे दोघा-तिघांनी मला विचारले. पण बडोदेकरांना तो परका नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी भाऊराव कोल्हटकरांना नाटकासाठी नेले ते आपल्याच गावातून. ‘सौभद्रा’तल्या त्यांच्या सुभद्रेवर आपल्या खापरपणजोबांची पिढी लुब्ध होती. पुढे बालगंधर्वांच्या साड्यांची नक्कल तर खुद्द बायका करू लागल्या.

आता २०१८ साल. झी टीव्हीच्या हिंदी ‘सा रे ग म प’ स्पर्धेत मुंबईचा सुशांत दिवगीकर हा कलावंत राणी कोहेनूर या नावाने, केसांचा टोप लावून, स्त्रीवेशात उतरला. याला ड्रॅग म्हणतात. रोमन लिपीत हे नाव लिहिताना मधली ‘ही’ ही अक्षरे मोठी काढतात. इंग्रजीत ‘ही’ म्हणजे तो. राणीच्या नावातच ‘तो’ बसवला आहे, ही गंमत मला आवडली.

राणीने एकाच गाण्यात पुरुषाचा आणि स्त्रीचा असे दोन्ही आवाज लावले. हे नुसते नकलेचे काम नव्हे. छातीतला आवाज क्षणात वर न्यायचा, सूर हलता कामा नये, शब्द पुसट होता कामा नये. आपल्या भजनी मंडळाने घरी करून पाहावे!

ती स्पर्धा जिंकली जबलपूरच्या इशिता विश्वकर्माने. राणी २०२१ मध्ये ‘क्वीन ऑफ द युनिव्हर्स’ या ड्रॅग गायकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गेली. तिथे ब्राझीलची ग्रॅग क्वीन विजयी झाली. म्हणजे करंडक दोन्हीकडे हुकला. तरी त्या स्पर्धांतले नाव काढले की लोकांना राणी आठवते.

मग भाऊरावांना मान आणि राणीला हसू, असे का? मला कारण दिसते ते पडद्याचे. प्रयोग संपला की बालगंधर्व पुन्हा नारायणराव होत, आणि प्रेक्षक निर्धास्त घरी जात. राणीने असा आडोसा ठेवला नाही. सुशांतने २०१४ मध्येच ‘मिस्टर गे इंडिया’ किताब घेऊन स्वतःबद्दल उघड सांगितले होते. पुढे आपण ट्रान्स स्त्री असल्याचेही सांगितले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायद्याचा भाग सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी. म्हणजे २०१४ मध्ये हे बोलायला छाती लागत होती. आईवडील पाठीशी राहिले, हे त्या घरचे मोठेपण.

उद्या आपल्या करमणुकीच्या कार्यक्रमात एखादा मुलगा म्हणाला, “काका, मी नऊवारीत लावणी करतो,” तर नावे लिहून घेणारे काका आधी त्याचा ताल पाहतील, की त्याच्या वडिलांना फोन लावतील? कार्यकारिणीने हे नोंदणी सुरू होण्याआधी ठरवावे.

मुलांनो, तो स्पीकर इकडे घ्या. राणीचे गाणे लावतो. पहिल्यांदा डोळे मिटून ऐका.