जाहिरात : कल्पकता आणि सचोटी



चित्रकलेची किंवा भाषेची आवड असलेल्या मुलाला आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो, "यावर पोट कसे भरणार?" प्रश्न रास्त आहे. आई-बापांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते. म्हणूनच मी तुम्हाला अशा एका व्यवसायाविषयी सांगणार आहे, की जेथे चार नेमके शब्द आणि चार नेमक्या रेषा यांनाच मोल येते. तो व्यवसाय म्हणजे जाहिरातीचा.

जाहिरात म्हणजे मालाच्या नावाची आरडाओरड, अशी आपली समजूत असते. परंतु नामांकित मालाची जाहिरात करणाऱ्यापुढे अडचण निराळीच असते. नाव सर्वांना ठाऊक असते, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीकडे कोणी वळून पाहत नाही. तेथे कल्पकतेचा कस लागतो. तीन उदाहरणे पाहा.

१९५४ साली एशियन पेंट्स या मुंबईच्या कंपनीसाठी आर. के. लक्ष्मण यांनी एक खोडकर मुलगा रेखाटला. कपाळावर केसांची बट, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. हाच तो 'गट्टू'. बंद डब्यांतील रंगाचा कस गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही, आणि डब्यावरची अक्षरे त्या काळी सर्वांनाच वाचता येत नव्हती. चित्र मात्र कोणालाही ओळखता येते. पुढे कित्येक दशके गट्टू हीच त्या कंपनीची ओळख होती.

दुसरे उदाहरण अमूल बटरचे. १९६६ साली हे काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आले. बटरविषयी रोज नवे काय सांगणार? डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली मुलगी निर्माण केली, आणि तिला ताज्या घडामोडींवर बोलते केले. क्रिकेट असो, निवडणूक असो वा सिनेमा; विषय नवा, मुलगी तीच. विषय शिळा होण्याआधी फलक लागायला हवा, म्हणून प्रत्येक फलक आधी मंजुरीसाठी पाठविण्याची अट डॉ. वर्गीस कुरियन यांनी ठेवली नाही. एवढा विश्वास नसता, तर ही कल्पना कागदावरच राहिली असती. डाकुन्हा २०२३ मध्ये निवर्तले. ती मुलगी आजही फलकांवर आहे.

तिसरे उदाहरण सर्फचे. करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत १९६९ साली सुरू केलेली निरमा पावडर सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती. किमतीत तिच्याशी टक्कर देणे कठीण होते. तेव्हा १९८०च्या दशकात लिंटासच्या अलीक पदमसी यांनी 'ललिताजी' उभी केली. पै-पैचा हिशेब ठेवणारी, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पण स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक जाणणारी गृहिणी! ही व्यक्तिरेखा आपल्या आईवरून सुचली, असे पदमसींनी सांगितले आहे.

या तिन्ही कल्पना माणसांकडे नीट पाहिल्यामुळे सुचल्या. असे पाहण्यासाठी श्रीमंती लागत नाही.

मात्र या कलेला सचोटीची जोड हवी. कल्पकतेने खरी गोष्ट चटकन मनात भरते, तशी खोटी गोष्टही भरते. १९८५ साली जाहिरात व्यवसायाने स्वतःला शिस्त लावण्यासाठी भारतीय जाहिरात मानक परिषद स्थापन केली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा नंतर येतो. लेखणी आधी चालते. लिहिताना एवढेच आठवा की, ही जाहिरात वाचणारी बाई तुमच्या आईसारखीच पदराच्या गाठीतले पैसे मोजून दुकानात उभी आहे. फसवणूक झाली, तर एखाद्याची फी तटते.

शेवटी एक अभ्यास देतो. आपल्या मोहल्ल्यातील एखादा शिंपी किंवा बेकरीवाला निवडा. त्याच्या दुकानात आठ दिवस गिऱ्हाइकांचे बोलणे ऐका. मग त्याच्या मालाविषयी एकच खरी गोष्ट पाच-सहा शब्दांत लिहा, सोबत चित्र काढा आणि त्यालाच दाखवा. त्याने ते दुकानावर लावले, तर घरी विचारलेल्या त्या प्रश्नाच्या उत्तराला तुम्ही सुरुवात केली, असे समजा.