चाकांची खुर्ची : दानानंतरचे कर्तव्य

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात, चाकांच्या खुर्च्यांच्या वितरणप्रसंगी भौतिकोपचार विभागाच्या वतीने झालेले भाषण)



थोड्याच वेळापूर्वी या व्यासपीठावरून खुर्च्यांचे वितरण झाले. टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली आणि ते उचितच होते. उद्या सकाळी मात्र हीच खुर्ची घराच्या उंबरठ्याशी उभी राहील. तेथे अरुंद दार असेल, मोरीची ओली फरशी असेल आणि अशी खुर्ची कधी हाताळली नाही असे कुटुंब असेल. तेथून पुढे काय करावे, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे. औषध देताना आपण मात्रा सांगतो, पथ्य सांगतो. खुर्चीसोबत बहुधा काहीच सांगितले जात नाही. वस्तुतः तीही औषधासारखीच आहे. नीट बेतली आणि नीट वापरली तर उपकारक, एरवी अपायकारक.

आज आपण सर्वत्र पाहतो त्या घडीच्या खुर्चीचा इतिहास फार जुना नाही. हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणींत काम करणारे अमेरिकन अभियंता अपघातात पाठीला दुखापत होऊन चालण्यास असमर्थ झाले. त्यांनी हॅरी जेनिंग्ज या आपल्या अभियंता मित्राच्या साहाय्याने १९३३ च्या सुमारास, आसनाखाली फुलीच्या आकाराचे दांडे असलेली, मिटवून मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची घडवली. खुर्चीमुळे माणूस घराबाहेर पडू लागला. परंतु मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांचे आयुष्य तेवढ्याने वाढले नाही. त्या काळी असे रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी बहुधा थोड्याच अवधीत दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि ठरावीक वेळाने कूस बदलणे, त्वचेची काटेकोर निगा, व्यायाम व खेळ यांच्या बळावर हे चित्र पालटले. १९४८ मध्ये तेथेच सुरू झालेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक जन्माला आले. आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे आयुष्य संपलेले नसते, हे सांगण्यास याहून वेगळा दाखला नको.

आता मूळ विषयाकडे वळते. पहिली गोष्ट मापाची. दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून आपण चार पावले चालत नाही. मग ज्या आसनावर दिवसाचे आठ-दहा तास काढावयाचे ते कोणत्याही मापाचे कसे चालेल? आसनाची रुंदी रुग्णाच्या कमरेच्या रुंदीहून किंचितच अधिक असावी. दोन्ही बाजूंना सपाट हात जेमतेम सरकावा. खुर्ची फार रुंद असली की माणूस एका अंगावर कलतो व त्याचा कणा वाकतो. शिवाय चाकांपर्यंत हात पोचवताना खांदे दुखू लागतात. पाठ टेकून बसल्यावर आसनाची पुढची कड व गुडघ्यामागची खोबण यांत दोन बोटांचे अंतर असावे. फूटरेस्ट अशा उंचीवर असावेत की पूर्ण मांडी आसनावर टेकेल. ते फार वर असले तर गुडघे उचलले जातात आणि शरीराचा सारा भार मागील हाडांवर येतो. ही तीन मापे घेण्यास पाच मिनिटे पुरतात.

हा भार मागील हाडांवर आला तर बिघडते कोठे, असे कोणी विचारील. निरोगी माणूस बसल्या जागी नकळत सारखी चुळबुळ करीत असतो, कारण दबलेल्या भागातील रक्तप्रवाह मंदावताच त्वचा मेंदूला तक्रार कळवते. ज्यांच्या कमरेखालची संवेदना गेली आहे त्यांच्यापर्यंत ही तक्रार पोचतच नाही. हाड व आसन यांच्यामध्ये सापडलेली त्वचा व मांस मुकाट्याने मरू लागते. वरून दिसतो लहानसा लाल डाग, आत मात्र पोकळी झालेली असते. हा व्रण भरून येण्यास महिने लागतात. संसर्ग रक्तात पसरला तर प्राणावर बेतते. ‘सुपरमॅन’ चित्रपटाचे नायक क्रिस्टोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली अधू झाले. उत्तम उपचार हाताशी असूनही २००४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा संसर्ग झालेल्या अशाच एका व्रणावर त्यांचे उपचार चालू होते.

यावरचा उपाय मात्र खर्चिक नाही. दर अर्ध्या तासाने, शक्य तर त्याहूनही लवकर, आसनावरील भार हलवावा. ब्रेक लावून छाती मांड्यांकडे झुकेल असे पुढे वाकावे, अथवा आधी एका व मग दुसऱ्या बाजूला कलावे आणि दर वेळी मिनिट-दोन मिनिटे तसेच राहावे. केवळ हातांवर क्षणभर उचलून लगेच खाली बसल्याने रक्तप्रवाह पूर्ववत होत नाही. ज्यांना स्वतः हलता येत नाही त्यांना घरच्यांनी हलवावे. रोज रात्री माकडहाड, बसण्याची हाडे, टाचा व घोटे आरशाच्या साहाय्याने पाहावेत. भार काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही तर त्या जागेवर बसणे थांबवावे व रुग्णालयात यावे. काळ्यासावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून हात लावून तो भाग गरम, कठीण किंवा सुजलेला लागतो का, हेही पाहावे.

आसनावर गादी हवीच. अनेक घरांत वाऱ्याने फुगवलेले रबरी कडे मोठ्या भावनेने आणले जाते. ते कृपा करून वापरू नये. कड्याच्या काठावर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तप्रवाह अधिकच अडतो. फोमची चांगली गादी घ्यावी आणि ती थकली आहे का, हे वेळोवेळी तपासावे. रुग्णाला एका बाजूला कलण्यास सांगून बसण्याच्या हाडाखाली, गादीवर, आपल्या बोटांची टोके ठेवावीत आणि त्याला सरळ बसू द्यावे. बोटे वरखाली हलली तर गादी ठीक आहे. बोटे घट्ट चिमटली तर गादी निकामी झाली आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट हाताळणीची. अपघात बहुतेक वेळा खुर्चीत बसताना किंवा उतरताना होतात. त्याआधी दोन्ही बाजूंचे ब्रेक लावावेत व फूटरेस्ट वर उचलावेत. फूटरेस्टवर पाय देऊन उभे राहिल्यास खुर्ची तत्क्षणी पुढे उलटते. पुढे वाकून काही उचलावयाचे असेल तर आधी खुर्ची किंचित मागे घ्यावी, म्हणजे पुढील लहान चाके पुढे वळतात व तोल सुधारतो. पक्षाघाताच्या रुग्णाला पलंगावरून उतरवताना खुर्ची त्याच्या सशक्त बाजूस लावावी. त्याचा लुळा हात धरून किंवा काखेतून ओढून त्याला कधीही उठवू नये. त्याने खांद्याचा सांधा निखळतो. पाठीमागच्या मुठींना भाजीची जड पिशवी अडकवू नये, कारण चढावर तेवढ्यानेही खुर्ची मागे कलंडते. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा चाकांच्या तारांत गुंतणार नाही, हे निघण्यापूर्वी पाहावे. संवेदना नसलेल्या मांडीवर गरम चहाचा पेला ठेवू नये आणि उन्हात तापलेल्या खुर्चीवर हात लावून पाहिल्याविना बसवू नये. भाजल्याचे त्या व्यक्तीला कळणारच नाही.

चढउतारांविषयी थोडे अधिक सांगते. दाराशी दोन पायऱ्या असल्या की तीन फुटांची फळी टाकून काम भागवले जाते. नियम असा आहे की एक इंच उंचीला एक फूट लांबी हवी. म्हणजे फूटभर उंचीच्या दाराशी बारा फुटांचा उतार लागतो. तेवढी जागा नसेल तर मदतनीसाने खुर्ची उलटी, म्हणजे पाठ उताराकडे करून, स्वतः मागे राहून हळूहळू उतरवावी. पायरी चढवताना मुठींवर भार देऊन आधी पुढची चाके वर घ्यावीत, मग मागची ढकलावीत. उतरवताना मागची चाके आधी खाली येऊ द्यावीत. जिना असेल तर किमान दोन सशक्त माणसे हवीत आणि त्यांनी पक्की चौकट धरावी. हातटेकण किंवा फूटरेस्ट धरून उचलल्यास ते निखळून हातात येतात. खुर्चीचे ब्रेक केवळ उभ्या खुर्चीसाठी आहेत. उतारावर वेग आवरण्यासाठी ते दाबू नयेत.

तिसरी गोष्ट निगेची. आठवड्यातून एक दिवस ठरवून अर्धा तास द्यावा. ओल्या फडक्याने धूळ पुसून लगेच कोरडे करावे. कोकणातील पावसाळ्यात, दमट हवेत हे काम अधिक वेळा करावे, कारण सांध्यांपाशी गंज लवकर धरतो. पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती केस व दोरे गुंडाळले जातात. ते चिमट्याने काढावेत. फुलीच्या सांध्यावर व इतर हलत्या जोडांवर तेलाचे थेंब सोडून जास्तीचे पुसून घ्यावे. नट-बोल्ट पान्याने आवळावेत. चाकाच्या तारांवरून बोटे फिरवून सैल झालेली तार सायकलवाल्याकडून ताणून घ्यावी.

हवेच्या टायरकडे विशेष लक्ष द्यावे. अंगठ्याने दाबल्यास टायर किंचितच, सुमारे पाच मिलिमीटरपेक्षा कमी दबावा. हवा कमी असली की खुर्ची ढकलण्यास जड जाते; याहून गंभीर बाब म्हणजे ब्रेकची पट्टी टायरवरच टेकत असल्याने ब्रेकही धरत नाही. ब्रेक लावून खुर्ची ढकलून पाहावी. चाक फिरले तर दुरुस्तीपर्यंत ती वापरू नये. आसनाचे कापड झोळीसारखे लोंबू लागले तर ते बदलावे. त्या झोळीत माणूस वाकडा बसतो आणि व्रणाचा धोका पुन्हा उभा राहतो. खुर्ची मिटवताना आसन मधोमध धरून वर ओढावे. उघडताना तळव्यांनी खाली दाबावे व बोटे कडेला ठेवू नयेत, ती चिरडतात. यांतील बहुतेक कामांना गावातील सायकल दुरुस्तीचे दुकान पुरेसे आहे. हवा भरणे, पंक्चर काढणे, टायर बदलणे ही त्यांची रोजचीच कामे आहेत.

शेवटी आपणा देणगीदारांना एक नम्र विनंती. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये चाकांच्या खुर्च्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत खुर्ची पुरवण्याचे आठ टप्पे सांगितले आहेत. रुग्णाची नोंद, तपासणी, खुर्चीची निवड, निधी व मागणी, खुर्चीची जुळणी, ती रुग्णाला बेतणे, प्रशिक्षण आणि अखेरीस दुरुस्ती व पाठपुरावा. आपल्या समारंभांत बहुधा यांतील निधीचा टप्पा दिसतो; उरलेल्या सातांना छायाचित्र नसते, म्हणून त्यांना देणगीही मिळत नाही. माझी सूचना अशी, की दहा खुर्च्यांचे दान करू इच्छिणाऱ्याने नऊच खुर्च्या द्याव्यात आणि दहावीची रक्कम गाद्या, टायर, ट्यूब आणि वर्षातून एका दुरुस्ती शिबिरासाठी राखून ठेवावी. टायर फाटला म्हणून माळ्यावर गेलेली खुर्ची आणि तिच्याअभावी पुन्हा अंथरुणाला खिळलेला माणूस, हा तोटा केवळ पैशांचा नाही.

कुटुंबीयांना एवढेच सांगते, की मापाविषयी शंका असेल, लालसर डाग दिसला, ब्रेक सैल झाला, तर संकोच न करता आमच्या विभागात यावे. दिलेली वस्तू बिघडली असे सांगणे म्हणजे दात्याचा अवमान, असा गैरसमज अनेकांच्या मनात असतो. तो कृपया काढून टाकावा. आपण आलात तरच आम्हाला पुढची खुर्ची अधिक चांगली देता येईल. आणि खुर्चीवर बसणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, आपल्याला कोणी ढकलण्यापूर्वी ‘थांबा, आधी ब्रेक पाहा’ असे स्पष्टपणे सांगण्याचा अधिकार आपला आहे. खुर्ची आपली आहे आणि तिच्याविषयीचा शेवटचा शब्दही आपलाच असला पाहिजे.