वृद्धांच्या अंगणास भरंवशाचा हात
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या सभेंत गतकालाचें स्मरण करावें, ज्यांच्या श्रमांवर आपला धर्मग्राम उभा राहिला त्यांचे उपकार आठवावे, हा शिष्टसंमत प्रघात आहे. आणि आमच्यापूर्वीं बोललेल्या सद्गृहस्थांनीं तो उत्तम प्रकारें पाळला आहे. आम्हांस मात्र एका साध्या, किंबहुना या प्रसंगीं कोणास क्षुल्लकहि वाटेल अशा विषयाकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. ज्या घरांत आतां केवळ साठी-सत्तरी उलटलेलीं माणसेंच राहिलीं आहेत, त्या घरांच्या अंगणाची, हिरवळीची व वाडीची निगा कोणी राखावी, आणि त्यासाठीं भरंवशाचा गडी कोठून मिळवावा, हा तो विषय होय. विषय गवताचा आहे खरा. परंतु या गवताच्या पायीं वृद्धांस आपल्याच घरीं राहणें कठीण होऊं लागलें आहे, म्हणून तो या सभेपुढें मांडण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

वसईच्या किनारपट्टींतील आपलीं घरें शहरांतील खोल्यांसारखीं नव्हेत. घर म्हटलें कीं त्याच्यापुढें अंगण, अंगणाच्या कडेला चाफा आणि मोगरा, मागें विहीर, आणि विहिरीपलीकडे माड, केळी व पानवेलींची वाडी, असा तो एकच संसार होता. एका छपराखालीं आठ-दहा माणसें नांदत होतीं तोंवर या संसारास हातांची वाण पडली नाहीं. एकानें आळीं करावीं, दुसऱ्यानें पाट फिरवावा, मुलांनीं झावळ्या ओढाव्या, आणि आजीनें बसल्या जागेवरून सर्वांस हुकूम सोडावे! आज तीं मुलें मुंबईच्या कचेऱ्यांत, आखाती देशांत, कॅनडांत व ऑस्ट्रेलियांत आहेत. तीं कर्तव्यशून्य नाहींत. महिन्याच्या महिन्यास पैसे येतात, संध्याकाळीं फोनवरून चौकशी होते. परंतु नुसत्या पैशानें गवत कापलें जात नाहीं. तें कापावयास हात लागतो. कित्येक ठिकाणीं जुन्या वाडीची जागा बंगल्यापुढील हिरवळीनें घेतली आहे. पण तेथेंहि अडचण हीच.

जूनमध्यें पाऊस सुरू झाला कीं पाहतां पाहतां गवत गुडघ्यास लागतें. त्या गवतांत काय असतें, हें आपणांस सांगावयास नको. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे चारहि विषारी सर्प कोंकणांत आढळतात. त्यांतील घोणस तर पालापाचोळ्यांत अशी मिसळून जाते कीं तरुणाच्या डोळ्यांसहि दिसूं नये, मग मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांची काय कथा! फरशीवर शेवाळें धरतें, आणि सत्तरीच्या वयांत एकदां पाय घसरून मांडीचें हाड मोडलें म्हणजे पुन्हां पूर्वींसारखें चालतां येईलच अशी शाश्वती राहत नाहीं. नारळाच्या करवंट्यांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि टाकून दिलेल्या टायरांत जें स्वच्छ पाणी सांचतें, त्यांत डेंग्यूचा डास अंडीं घालतो, व साधारणपणें ८ ते १० दिवसांत त्या अंड्यांतून उडता डास तयार होतो. म्हणूनच अंगणाची सफाई महिन्यांतून एकदां मोठ्या थाटानें करण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां थोडी करणें अधिक हिताचें. माडाचें तर निराळेंच. महिन्यास सुमारें एक या हिशेबानें त्याची जुनी झावळी खालीं येते, आणि सुकलेला नारळ खालीं कोणाचें डोकें आहे हें पाहून पडत नाहीं.

अशा वेळीं वृद्ध माणसें काय करतात? कोणी स्वतःच कोयता घेऊन वाकतात. कोणी शिडीवर चढतात. कोणी दारावरून जाणाऱ्या पहिल्या माणसास हांक मारतात, आणि तो आगाऊ पैसे घेऊन दुसऱ्या दिवशीं दिसेनासा होतो. मुलांस काळजी नको म्हणून यांतील एकहि गोष्ट फोनवर सांगितली जात नाहीं. मग एके दिवशीं ‘आतां आवरत नाहीं’ एवढ्या तीन शब्दांवर वाडवडिलांच्या जागेचा सौदा ठरतो, आणि जन्मभर मातींत वावरलेला माणूस चौथ्या मजल्यावरच्या खोलींत जाऊन बसतो.

‘पूर्वींसारखीं इमानी माणसें आतां राहिलीं नाहींत,’ ही तक्रार आपण नेहमीं ऐकतों. आम्हांस ती पटत नाहीं. घटकाभर गड्याच्या बाजूनें पाहूं. एका घरच्या अंगणाचें काम आठवड्यास फार तर अर्ध्या दिवसाचें. त्या अर्ध्या दिवसासाठीं त्यानें नालासोपाऱ्याहून किंवा विरारहून भाडें खर्चून यावें, आल्यावर ‘आज पाहुणे आहेत, उद्यां ये’ असें ऐकावें, मजुरीची घासाघीस सोसावी, आणि पाऊस सरतांच ‘आतां काम नाहीं’ म्हणून निरोप घ्यावा! गरज सरो आणि वैद्य मरो, हा न्याय ज्यास वारंवार भोगावा लागतो, तो इमारतीच्या कामावर जातो. कारण तेथें निदान महिनाभराची भाकर निश्चित असते. यांत त्याची बेइमानी ती कोणती?

दुसरी गोष्ट अशी. आपल्याकडे येणाऱ्या मजुरांपैकीं पुष्कळ जण जव्हार, मोखाडा, विक्रमगड या बाजूचे. पाऊस पडला कीं त्यांस आपल्या गांवीं भाताची लावणी करावयाची असते. म्हणजे आपलें गवत ज्या दिवसांत सर्वांत वेगानें वाढतें, नेमक्या त्याच दिवसांत त्यांचें शेत त्यांस बोलावतें. हें ठाऊक असतां जुलैमध्यें गडी शोधत हिंडणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. बोलणें मे महिन्यांत झालें पाहिजे; पावसापूर्वींची साफसफाई तेव्हांच उरकली पाहिजे; आणि लावणीच्या दिवसांत बदली कोण येईल, हें त्या गड्याशींच त्याच वेळीं ठरविलें पाहिजे.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें: भरंवशाचा गडी कोठें तयार सांपडत नाहीं. त्यास भरंवशाचें काम द्यावें, म्हणजे तोहि भरंवशाचा होण्याचा पुष्कळ संभव असतो. आणि तसें काम एकटें घर देऊं शकत नाहीं, शेजारचीं बारा घरें मिळून देऊं शकतात. हिशेब सोपा आहे. एका घरीं अर्धा दिवस, तर १२ घरीं ६ दिवस, रविवार सुटीचा. एका माणसाची आठवड्याची पुरी रोजी झाली. हा कांहीं नवा शोध नव्हे. एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीनें राबण्याची सावड आणि इर्जिक ही मराठी मुलखांतील शेतकऱ्यांची जुनी चाल आहे. वृद्धांस आज श्रमांची सावड करणें शक्य नसेल, तर त्यांनीं मजुराची सावड करावी.

ती अशी करतां येईल. प्रत्येक आळींतील बारा घरांनीं एकत्र यावें, आणि एका जाणत्या, पण फार वय न झालेल्या व्यक्तीनें वही ठेवावी. कोणत्या वारीं कोणाचें घर, किती वाजतां, काय काम, किती मजुरी, हें तींत स्वच्छ लिहावें; पावसानें वार बुडाला तर तो कोठें ढकलावा, हेंहि लिहावें. गडी आला नाहीं तर वृद्धानें फाटकाशीं ताटकळत उभें राहूं नये. वही ठेवणाऱ्यास कळवावें, म्हणजे पुढील विचारपूस तो करील. परदेशांतील मुलांनाहि येथें वांटा उचलतां येईल. आईबापांच्या अंगणाची मजुरी त्यांनीं दरमहा या वहीस पोंचती करावी. त्या रकमेनें आईबापांस जी निश्चिंती लाभेल, ती एखाद्या महागड्या भेटवस्तूनें लाभणार नाहीं.

आतां माणसाची निवड. ज्या घरीं त्यानें निदान एक पावसाळा काम केलें आहे, अशा दोन घरीं जाऊन चौकशी करावी. ‘माणूस चांगला आहे काय?’ असें विचारूं नये. त्यास सर्वच होकार देतात. ठरल्या वेळीं येतो काय? येणार नसेल तर निरोप धाडतो काय? कापलेला पाला उचलतो कीं तसाच टाकून जातो? पैशावरून कधीं वाद झाला काय? हे चार प्रश्न विचारावे. पहिल्या खेपेवरून मत बनवूं नये, कारण नव्याचे नऊ दिवस असतात. पांचव्या खेपेस जो पहिल्या खेपेसारखेंच काम करतो, तो आपला गडी समजावा.

त्याचें कसब ओळखण्याच्याहि कांहीं खुणा आहेत. हिरवळ कापतांना गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा, याहून अधिक एका वेळीं कापूं नये. जमिनीसरशी खरडलेली हिरवळ पिवळी पडते व तींत तण शिरतें. कुजक्या शेणखताचा ढीग माडाजवळ महिनोन्महिने पडूं देणारा गडी जाणता नव्हे. गेंड्या भुंग्याच्या अळ्या अशाच ढिगांत वाढतात, आणि पुढें तो भुंगा माडाचा कोंब पोखरतो. गवत मारण्याचें औषध विहिरीजवळ फवारूं पाहणाऱ्यास तर तत्काळ थांबवावें. पॅराक्वाट नांवाच्या तणनाशकावर खात्रीचा उताराच नाहीं. यंत्रानें गवत कापलें जात असतां खडे उडतात, म्हणून ५० फुटांच्या आंत कोणी उभें राहूं नये, आणि गड्याच्या डोळ्यांवर जाड चष्मा असावा.

सर्वच कामें एका गड्यावर लादूं नयेत. रोपांस पाणी घालणें, फुलें खुडणें, कुंडींतील माती मोकळी करणें, हीं कामें वृद्धांनीं स्वतः करावीं. मदतीच्या नांवाखालीं तीं त्यांच्या हातून कोणी काढून घेऊं नयेत, कारण अंगण त्यांचें आहे. गवत, पालापाचोळा, शेवाळें व सांचलेलें पाणी हें आठवड्याच्या गड्याचें काम. माडावर चढणें, मोठ्या फांद्या छाटणें व विहीर उपसणें हें मात्र जाणकाराचेंच काम. नारळ विकास मंडळानें २०११ मध्यें ‘नारळवृक्षाचे मित्र’ अशा अर्थाच्या नांवाची योजना काढून तरुणांस यंत्राच्या साहाय्यानें माडावर चढण्याचें शिक्षण देण्यास आरंभ केला. आपल्यांतील दोघां-चौघां तरुणांनीं ही विद्या शिकून घेतली, तर दर दीड-दोन महिन्यांनीं होणाऱ्या नारळपाडणीचें काम त्यांस वर्षभर पुरेल. झाड तोडावयाचें असेल तर महानगरपालिकेच्या हद्दींत १९७५ च्या कायद्यान्वयें वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधीं घ्यावी लागते. ‘मी पाहून घेतों’ असें म्हणून कुऱ्हाड उचलणारा माणूस उद्यां नोटीस आल्यावर शोधूनहि सांपडणार नाहीं.

गड्यानें आपल्याशीं कसें वागावें हें सांगितलें. आपण त्याच्याशीं कसें वागावें हेंहि सांगितलें पाहिजे. मजुरी ठरली तेवढी, त्याच दिवशीं, हातावर ठेवावी. मजुराची मजुरी दुसऱ्या सकाळपर्यंत अडवून धरूं नये, ही लेवीय ग्रंथांतील आज्ञा आपणांस ठाऊक आहे. मोठी रक्कम आगाऊ देऊं नये. परंतु लावणीस जातांना थोडी उचल मागितली तर ती वहींत लिहून आनंदानें द्यावी. पिण्याचें पाणी, चहा, सावली, हातमोजे व गमबूट हीं आपल्याकडून असावींत. दुर्दैवानें त्यास सर्पदंश झालाच, तर दोरी आवळणें किंवा जखम चिरणें असले प्रकार न करतां तडक सरकारी रुग्णालयांत न्यावें. चौदा वर्षांखालील मुलास कामास लावूं नये. कायदाहि तें मना करतो.

विश्वास ठेवावा, पण त्याची सीमा आंखावी. तिजोरीची किल्ली, बँकेचें पुस्तक आणि फोनवर येणारा गुप्त आंकडा यांचा अंगणाच्या कामाशीं कांहीं संबंध नाहीं. एखाद्या वृद्धास कोणीहि, मग तो परका असो वा घरचा, धाक घालीत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीं असलेली विनामूल्य साहाय्यवाणी आहे. तो आंकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

मत्तयकृत शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांत धनी मजुरांच्या शोधार्थ दिवसांतून पांच वेळां स्वतः बाहेर पडतो. आणि दिवस कलतांना जे रिकामे उभे दिसतात, ते आळसानें नव्हे, तर कोणी कामास लावलें नाहीं म्हणून उभे असतात. आपल्या नाक्यांवर सकाळीं उभ्या असलेल्या माणसांकडे आणि फाटकाच्या आंत हताश उभ्या असलेल्या वृद्धांकडे पाहिलें, म्हणजे दोघांची गरज एकमेकांस पुरी पडण्यासारखी आहे, असें आम्हांस वाटतें. मध्यें उणीव आहे ती फक्त त्यांची गांठ घालून देणाऱ्याची.

ही उणीव भरून काढण्यास निधि नको, इमारत नको. बारा घरें आणि एक वही पुरे. येत्या मे महिन्यापूर्वीं प्रत्येक आळींत अशी वही उघडली जावी, एवढीच आमची विनंति आहे. आज घरीं परततांना आपण प्रत्येकानें शेजारच्या एखाद्या वृद्धाच्या दाराशीं क्षणभर थांबावें आणि विचारावें, ‘तुमच्या अंगणाचें काम कोण करतो?’ उत्तर ‘कोणी नाहीं’ असें आलें, तर वहींतील पहिलें नांव मिळालें असें समजावें.