जनसंपर्काच्या पदवीचे अर्थमूल्य
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



बारावीचा किंवा पदवीचा निकाल हाती आला की घरोघरी पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. मुलगी म्हणते, जनसंज्ञापन व जनसंपर्क या विषयाचे शिक्षण घ्यायचे आहे. वडील विचारतात, त्यावर पोट भरेल काय? हा प्रश्न कमीपणाचा मानण्याचे कारण नाही. ज्या घरात शुल्कासाठी दागिना गहाण पडतो किंवा वर्षभराच्या कापसाचे पैसे बाजूला काढावे लागतात, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याचे उत्तर हौसेने किंवा भीतीने न देता हिशेबाने दिले पाहिजे.

व्यवसायाची वाटचाल

आपल्या देशात हा व्यवसाय नवा नाही. टाटा उद्योगसमूहाने १९४० नंतरच्या काही वर्षांतच मुंबईत स्वतंत्र जनसंपर्क विभाग सुरू केला होता. १९५८ साली पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली आणि २१ एप्रिल १९६८ रोजी नवी दिल्लीत भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत व्यावसायिक आचारसंहिता स्वीकारण्यात आली. शिक्षणाची सोयही याच काळात वाढत गेली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ च्या सुमारास पत्रकारितेचे अध्यापन सुरू झाले. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४ चा, तर दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. या संस्थेचे केंद्र आता अमरावतीतही असून तेथे मराठी पत्रकारिता शिकविली जाते.

कारखाने, बँका, रुग्णालये, महानगरपालिका, विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था या सर्वांना लोकांशी बोलणारा माणूस लागतो. २००५ साली माहितीचा अधिकार कायद्याने मिळाल्यापासून तर सार्वजनिक संस्थांना माहिती नीटपणे मांडण्याची गरज अधिकच भासू लागली आहे. कामाला मागणी आहे याविषयी दुमत नसावे. परंतु कामाला मागणी असणे आणि पदवीला मागणी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

परवाना नसलेला व्यवसाय

वकिली करावयाची तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार सनद लागते. वैद्यकी करावयाची तर नोंदणी लागते. सनदी लेखापालाला १९४९ च्या कायद्याचा आधार आहे. जनसंपर्काच्या व्यवसायाला असे कोणतेही कुंपण नाही. इतिहासाचा, वाणिज्याचा किंवा कृषी शाखेचा पदवीधर हे काम करू शकतो आणि अनेक जण ते उत्तम रीतीने करीतही आहेत. ज्या व्यवसायाचे दार सर्वांना उघडे असते, तेथे नुसत्या प्रमाणपत्राला किंमत येत नाही. किंमत येते ती कामाला. म्हणूनच या क्षेत्रात एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या दोघांच्या मिळकतीत मोठे अंतर पडलेले दिसते.

शासकीय सेवेचे दार

शासकीय सेवेत थोडी वेगळी स्थिती आहे. भारतीय माहिती सेवेच्या गट ‘अ’ मधील प्रवेश संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होतो. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत या गटाचे आरंभीचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये ठरले. मात्र ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. जनसंज्ञापनाची पदवी तेथे सक्तीची नाही. उलट, याच सेवेच्या गट ‘ब’ मधील वरिष्ठ श्रेणीच्या थेट भरतीत पत्रकारिता किंवा जनसंज्ञापनातील पदवी अथवा पदविका आणि तिच्या जोडीला अनुभवही मागण्यात आलेला आहे. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील अधिकारी पदांच्या जाहिरातींतही या शिक्षणाला आणि अनुभवाला स्थान असते.

येथे पदवीचे मूल्य स्पष्ट दिसते. ती नसेल तर अर्जच करता येत नाही. परंतु दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. अशा जागा मोजक्या असतात आणि उमेदवार पुष्कळ. शिवाय जाहिरात मान्यताप्राप्त संस्थेची पदवी किंवा पदविका मागते. ती किती शुल्क भरून मिळविली, हे विचारीत नाही.

खर्चाची खरी बेरीज

पदवीचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. त्यात शहरातील खोलीचे भाडे व खानावळ येते, कर्ज काढले असल्यास व्याज येते आणि शिक्षणाच्या काळात न मिळालेली कमाईही येते. हा शेवटचा आकडा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

उदाहरणादाखल दोन विद्यार्थी घ्यावेत. दोघेही पदवीधर असून दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडतात. शिक्षण घेतले नसते तर प्रत्येकाला दरमहा १५,००० रुपयांची नोकरी मिळाली असती असे धरले, तर दोन वर्षांची बुडालेली कमाई ३,६०,००० रुपये होते. पहिला विद्यार्थी शुल्क व राहणीसाठी सहा लाखांचे कर्ज घेतो. दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ९,९६० रुपये बसतो आणि एकूण परतफेड ८,३६,००० रुपयांच्या वर जाते. दुसरा विद्यार्थी घराजवळच्या विद्यापीठात शिकतो व एक लाखाचे कर्ज काढतो. त्याचा हप्ता सुमारे १,६६० रुपये आणि एकूण परतफेड १,३९,००० रुपयांच्या आसपास होते. शिक्षणकाळात साचणारे व्याज या आकड्यांत धरलेले नाही.

आता या पदवीमुळे दोघांच्याही मिळकतीत दरमहा ५,००० रुपयांची भर पडली असे समजू. पहिल्याचा एकूण खर्च सुमारे बारा लाख. तो भरून येण्यास वीस वर्षे लागतील. दुसऱ्याचा खर्च सुमारे पाच लाख. तो साडेआठ वर्षांच्या आतच भरून येईल. विषय तोच, पाठ्यक्रमही बराचसा तोच. परंतु एकाच्या दृष्टीने ही पदवी फायद्याची ठरते आणि दुसऱ्याच्या दृष्टीने अर्ध्या उमेदीचे ओझे. महागड्या संस्थेमुळे मिळकत दरमहा दहा हजारांनी वाढणार असेल, तर पहिल्याचा खर्चही दहा वर्षांत वसूल होईल. तशी ती वाढते काय, हाच खरा प्रश्न आहे आणि तो प्रवेशापूर्वी विचारावयाचा आहे.

चौकशी करूनच प्रवेश

यासाठी पालकांनी संस्थेला काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. मागील वर्षी किती विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली? सर्वांत मोठा पगार कोणता हे न विचारता, मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले हे विचारावे. एका विद्यार्थ्याच्या भरघोस पगाराचे छायाचित्र इतर चाळिसांची स्थिती सांगत नाही. प्रत्यक्ष कामाचा अनुभव अभ्यासक्रमातच मिळतो काय, आणि पदवी कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची, याचीही खात्री करून घ्यावी.

कर्ज घेणे अपरिहार्य असेल तर सवलतींची माहिती आधी मिळवावी. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी तारण व जामीनदाराविना कर्जाची सोय आहे. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्याला अन्य योजनेचा लाभ मिळत नाही, त्याला अटींच्या अधीन राहून दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज-सवलत मिळू शकते. राज्याच्या शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. आपली संस्था व अभ्यासक्रम या योजनांत बसतो काय, हे शुल्क भरण्यापूर्वीच पाहावे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखा मार्गही खुला आहे. त्यात बुडालेल्या कमाईचा प्रश्नच उरत नाही.

मोल वाढते ते कशाने

पदवीचे मोल वाढविणे पुष्कळसे विद्यार्थ्याच्याच हाती असते. नेमके लिहिता येणे, आकडेवारी समजणे, भाषांतर करता येणे, अडचणीच्या वेळी सत्य न लपविता निवेदन तयार करणे ही या व्यवसायाची हत्यारे आहेत. साधे प्रसिद्धिपत्रक आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काही क्षणांत लिहून मिळते. तेव्हा तेवढेच येणाऱ्याची किंमत घटणार, हे उघड आहे. मजकुरातील चूक ओळखणारा, कोणत्या वेळी काय बोलावे हे जाणणारा आणि गावातल्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस मात्र यंत्रामुळे निरुपयोगी होत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी या बाबतीत न्यूनगंड बाळगू नये. इंग्रजी शिकावीच लागेल. पण राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचू इच्छिणाऱ्या प्रत्येक बँकेला, कंपनीला व शासकीय योजनेला शुद्ध आणि सुबोध मराठी लिहिणारा माणूस हवाच असतो. दोन्ही भाषा ज्याला सारख्याच सफाईने येतात, त्याच्या कामाला दर मिळतो.

विहिरीवर नवा पंप बसविण्यापूर्वी शेतकरी विहिरीला पाणी किती आहे ते पाहतो. पाणी असेल तर कर्जाचा पंप शेत फुलवितो. नसेल तर हप्ते तेवढे मागे उरतात. जनसंपर्काच्या पदवीचेही तसेच आहे. अंगी आवड व मेहनत असेल आणि खर्च कुवतीत असेल, तर ती घराला वर काढील. मुलांनी आपली आवड सांगावी, पालकांनी हिशेब मांडावा आणि दोघांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा. शुल्काची पावती फाडण्यापूर्वी कागदावर केलेली अर्ध्या तासाची बेरीज पुढील अनेक वर्षांची चिंता वाचवू शकेल.