सफाई कामगार : कायम नोकरी की स्वतःचे यंत्र?
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शहराची सफाई करणाऱ्या कुटुंबातील तरुणापुढे आज दोन वाटा ठेवल्या जातात. एक पालिकेतील नोकरीची. दुसरी, कर्ज काढून गटारसफाईचे यंत्र किंवा कचऱ्याची गाडी घ्यावी आणि स्वतः मालक व्हावे, अशी. ही दुसरी वाट म्हणजे निव्वळ सरकारी प्रचार, असे म्हणून ती उडवून लावणे सोपे आहे. परंतु तरुणाला तिचे आकर्षण का वाटते हे समजून घेतल्यावाचून त्याच्याशी बोलताच येणार नाही.

महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने या तरतुदी एकत्रित करण्यात आल्या. कायम पगार, भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा, मुंबईसारख्या शहरात काहींना राहण्याची खोली, हे सारे कामगारांनी लढून मिळवलेले आहे. खोली मात्र नोकरीला बांधलेली असते. पदवीधर मुलगा बापाच्या जागी रुजू होतो, तो पुष्कळदा डोक्यावरचे छप्पर जाऊ नये म्हणून. पगाराची हमी देणारा हाच हक्क बापाचा झाडू मुलाच्या हाती देतो आणि जातीची बेडी एक पिढी पुढे सरकवतो. अशा मुलाला ‘मालक हो’ हे शब्द गोड वाटले, तर त्यात त्याचा दोष कोणता?

शिवाय कायम नोकरीची वाट सर्वांना खुली आहे, हेही खरे नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मूळ तरतुदीनुसार २० किंवा अधिक कामगारांना लागू होत असे. तेव्हा कंत्राटाचे लहान लहान तुकडे पाडून कायद्यालाच बगल देण्याची युक्ती निघाली. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा लढा चालवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये त्यांना कायम करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला. त्यानंतरही कागदपत्रांतील नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे, या सबबीवर अनेकांची अडवणूक झाली. आयुष्यभर शहराचा कचरा उचलला, आणि अडले कुठे, तर एका अक्षरात!

आता यंत्राकडे वळू. २ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्र सरकारने स्वच्छता उद्यमी योजना सुरू केली. सफाई कामगारांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची तीत तरतूद होती. २०२३ मध्ये ‘नमस्ते’ योजना आली. दिल्लीत २८ फेब्रुवारी २०१९ रोजी गटारसफाईची २०० यंत्रे रस्त्यावर आणण्यात आली; ती सफाई कामगार व त्यांच्या कुटुंबीयांनी बँकेच्या कर्जावर घ्यावी आणि जल बोर्डाचे काम करावे, अशी ती योजना होती. माणसाला गटारात उतरवण्याऐवजी यंत्र आणणे ही मागणी कामगारांचीच आहे. तिला विरोध असण्याचे कारण नाही.

परंतु या मालकाचे गिऱ्हाईक कोण? एकच : पालिका किंवा जल बोर्ड. दर तेच ठरवणार, काम किती द्यायचे तेही तेच ठरवणार. बिल अडकले तरी बँकेचा हप्ता अडकत नाही. डिझेल, दुरुस्ती, चालक, मदतनीस यांचा खर्च मालकाच्या माथी. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात नगावर मजुरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे; मीटरच्या हिशेबाने गटार साफ करणारा हा ‘उद्योजक’ त्या प्रकरणातील मजुरापासून फारसा दूर नाही. फरक एवढाच की, कर्ज त्याच्या नावावर आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न मृत्यूचा आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. गल्ली अरुंद असते, यंत्र आत जात नाही, आणि मग माणूस उतरतो. तो माणूस पालिकेच्या नोकरीत असेल, तर जबाब पालिकेला द्यावा लागतो. तो शेजारच्या मुलाच्या गाडीवरचा मदतनीस असेल, तर बोट त्या मुलाकडे दाखवले जाईल.

पुण्यात एक निराळा प्रयोग झाला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली व २००८ मध्ये तिचा पालिकेशी करार झाला. घरोघरचे मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री, दोन्ही सभासदांच्या हाती. अनेक गिऱ्हाइके असल्यामुळे एकाच दारात हात पसरावा लागत नाही, आणि वाटाघाटीला एकटे बसावे लागत नाही. तेथेही पालिका पगार देत नाही. करार संपला की नूतनीकरणासाठी पुन्हा रस्त्यावर यावे लागते, हे २०२०-२१ मध्ये दिसले.

तेव्हा युनियनच्या कार्यकर्त्याने त्या तरुणाला यंत्र घेऊ नको, असे सांगण्याआधी कराराचा कागद मागवून त्याच्यासोबत वाचावा. महिन्याला किमान किती काम मिळेल याची हमी त्यात आहे काय? बिल किती दिवसांत मिळेल? ते थकले तर व्याज कोण भरणार? अपघात झाल्यास मुख्य जबाबदारी कोणाची? आणि गाडीवर जे दोन मदतनीस चढणार आहेत, त्यांची नावे कोणाच्या हजेरीपटावर असतील? युनियनच्या सभासदपुस्तकात ती नावे गाडीच्या पहिल्या फेरीआधीच चढली पाहिजेत.